नान्सेनचें पारपत्र

१९१४ सालच्या महायुद्धापूर्वीं युरोपांत फिरणाऱ्या माणसाला खिशांत पैसे असले म्हणजे बहुधा पुरत असे. रशिया व तुर्कस्थान यांसारखे थोडे देश सोडले, तर सरहद्द ओलांडतांना पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, क्वचितच कोणी मागे. युद्ध पेटलें आणि प्रत्येक सरकारनें आपआपल्या दारावर पहारा बसविला. हेरांच्या भीतीनें केलेली ही तात्पुरती व्यवस्था युद्धाबरोबरच संपेल, असें पुष्कळांना वाटत होतें. ती संपली नाहीं. माणूस कोण आहे हें त्याच्या तोंडच्या शब्दावरून न ठरतां त्याच्या राज्यानें दिलेल्या कागदावरून ठरूं लागलें. आणि ज्याला स्वतःचें म्हणावें असें राज्यच उरलें नव्हतें, त्याला पृथ्वीच्या पाठीवर हक्कानें उभें राहण्यास जागा उरली नाहीं.

मनुष्यानें प्रथम आपल्या राष्ट्राचें नागरिक असावें कीं सर्व जगाचें, ही चर्चा जुनी आहे. ग्रीसमधील डायोजिनीस हा स्वतःला जगाचा नागरिक म्हणवीत असे, अशी कथा सांगतात. रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस यानें रोम हें आपलें नगर व विश्व हें दुसरें, मोठें नगर मानलें. परंतु या दोघांनाहि तें उत्तर कोणत्याहि चौकीवर सिद्ध करून दाखवावें लागलें नाहीं. १९२० नंतरच्या युरोपांत मात्र तत्त्वज्ञांचा हा प्रश्न सरहद्दीवरच्या कारकुनाच्या मेजापाशीं येऊन उभा राहिला. आणि त्याला पहिलें व्यवहारी उत्तर ज्या पुरुषानें दिलें, तो तत्त्वज्ञ नव्हता. तो बर्फांत वाढलेला दर्यावर्दी व शास्त्रज्ञ होता, आणि आपल्या देशाचा कडवा अभिमानी होता.

फ्रिट्यॉफ नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजीं नॉर्वेच्या राजधानीजवळ झाला. त्या शहराला तेव्हां ख्रिस्तियानिया म्हणत. आज तें ऑस्लो होय. १८८८ मध्यें पांच सोबत्यांसह त्यांनीं ग्रीनलंडचें हिमाच्छादित अंतरंग पूर्वेकडून पश्चिमेस ओलांडलें. १८९३ मध्यें ते 'फ्राम' नांवाचें जहाज घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाले. बर्फाच्या दाबानें फुटण्याऐवजीं वर उचललें जावें, अशी त्या जहाजाची बांधणी होती. तें बर्फांत मुद्दाम गोठवून समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहूं द्यावयाचें, असा त्यांचा बेत होता. १८९५ च्या वसंतांत जहाज सोडून एका सोबत्यासह ते पायीं निघाले आणि ८६ अंश १४ कलांपर्यंत पोंचले. त्यापूर्वीं इतक्या उत्तरेस कोणीहि माणूस गेला नव्हता. १८९६ मध्यें ते परत आले तेव्हां लहानशा नॉर्वेला आपला एक जगन्मान्य वीर लाभला होता.

त्या वेळीं नॉर्वे पूर्ण स्वतंत्र नव्हता. १८१४ पासून स्वीडनचा राजा तोच नॉर्वेचाहि राजा होता आणि परराष्ट्रव्यवहार स्वीडनच्या हातीं होता. १९०५ मध्यें नॉर्वेच्या लोकसभेनें हा संबंध तोडला. दोन्ही बाजूंस सैन्याची हालचाल सुरू झाली. नान्सेन यांनीं आपली सारी कीर्ति देशाच्या पारड्यांत टाकली. नॉर्वेची बाजू परदेशीं समजावी म्हणून त्यांनीं लेख लिहिले. कोपनहेगनला जाऊन डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल यानें नॉर्वेचें सिंहासन स्वीकारावें यासाठीं खटपट केली. त्या वर्षींच्या ऑगस्टमधील जनमतांत संबंधविच्छेदाच्या बाजूनें ३ लक्ष ६८ हजारांवर मतें पडलीं. विरुद्ध पडलीं अवघीं १८४. युद्ध न होतां नॉर्वे स्वतंत्र झाला, आणि १९०६ ते १९०८ या काळांत नान्सेन हे लंडनमध्यें नव्या राष्ट्राचे पहिले वकील होते.

त्यांचें चरित्र येथेंच संपलें असतें, तर तें एका देशभक्ताचें चरित्र म्हणून शाळेच्या पुस्तकांत सुखानें राहिलें असतें. पण महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला, आणि १९२० च्या एप्रिलमध्यें संघानें त्यांच्यावर युद्धकैद्यांना घरीं पोंचविण्याचें काम सोंपविलें. युद्ध थांबून दीड वर्ष लोटलें तरी लक्षावधि कैदी रशियांत व मध्य युरोपांत अडकून पडले होते. रशियाचें नवें सरकार राष्ट्रसंघाला मानीत नव्हतें. पण तें नान्सेन या माणसाशीं बोलावयास तयार होतें. त्यांचें राष्ट्र युद्धांत तटस्थ राहिलेलें व इतकें लहान, कीं त्याच्या हेतूविषयीं कोणाला भय वाटण्याचें कारण नव्हतें. नॉर्वेचें नागरिकत्व त्यांच्या जागतिक कार्याच्या आड आलें नाहीं. उलट त्यामुळेंच त्यांना बंद दारें ठोठावतां आलीं. सप्टेंबर १९२२ पर्यंत सव्वाचार लक्षांहून अधिक कैदी आपआपल्या देशीं परतले.

दरम्यान १९२१ मध्यें व्होल्गाच्या कांठीं भीषण दुष्काळ पडला. सप्टेंबरमध्यें नान्सेन यांनीं राष्ट्रसंघाच्या सभेपुढें उभें राहून सरकारांनीं कर्ज द्यावें अशी कळकळीची विनंति केली. ती नाकारली गेली. भुकेल्यांना अन्न दिलें तर बोल्शेविक सरकार बळकट होईल, ही भीति मुत्सद्द्यांच्या मनांत प्रबळ ठरली. पुढें लोकांच्या वर्गणीवर नान्सेन यांनीं काम चालविलें. सर्वांत मोठा भार अमेरिकेच्या हर्बर्ट हूव्हर यांच्या मदतसंस्थेनें उचलला. तरीहि लक्षावधि माणसें मेलीं. १९२२ सालचें नोबेल शांतता-पारितोषिक नान्सेन यांना मिळालें. पण त्या सभेंत शिकलेला धडा ते विसरले नाहींत. जगाची सद्सद्विवेकबुद्धि म्हणून निराळी अशी कांहीं तिजोरी नसते. ती राष्ट्रांच्या तिजोऱ्यांतूनच काढावी लागते, आणि त्यांच्या किल्ल्या राष्ट्रांच्याच कमरेला असतात.

कैद्यांना निदान परत जाण्यास घर होतें. १९२१ मध्यें नान्सेन यांच्याकडे आलेलें दुसरें काम याहून अवघड होतें. क्रांति व यादवी यांमुळें रशियांतून बाहेर पडलेले दहा लक्षांहून अधिक लोक कॉन्स्टँटिनोपल, बर्लिन, पॅरिस, बेलग्रेड आणि थेट चीनमधील हार्बिनपर्यंत पसरले होते. डिसेंबर १९२१ मध्यें सोव्हिएट सरकारनें हुकूम काढून अशा लोकांपैकीं बहुतेकांचें नागरिकत्व रद्द केलें. झारनें दिलेले त्यांचे कागद आतां नसलेल्या राज्याचे कागद झाले. काम मागावें तर ओळखपत्र नाहीं. काम असलेल्या देशीं जावें तर पारपत्र नाहीं. राहावें तर परवाना नाहीं. गुन्हा केल्यावांचून माणूस बेकायदा होऊं शकतो, हें युरोपनें प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाहिलें.

५ जुलै १९२२ रोजीं जिनेव्हा येथें भरलेल्या परिषदेंत नान्सेन यांनीं एक साधा उपाय मान्य करून घेतला. निर्वासित ज्या देशांत असेल त्या देशाच्या सरकारनें त्याला एक दाखला द्यावा. त्यावर त्याचें नांव, वय, वर्णन व छायाचित्र असावें. आणि इतर सरकारांनीं तो पारपत्राच्या जागीं ग्राह्य धरावा. हा दाखला म्हणजे एकच पत्रक असे. कायद्यांत त्याचें नांव रूक्ष होतें, पण लोकांच्या तोंडीं तें 'नान्सेनचें पारपत्र' झालें. १९२४ मध्यें आर्मेनियन निर्वासितांनाहि तें मिळूं लागलें. १९२६ पासून त्यावर पांच सुवर्ण फ्रँकांचें, नान्सेन यांच्या मुद्रेचें तिकीट लावण्याची पद्धत सुरू झाली. तो पैसा निर्वासितांच्याच मदतीस जाई, आणि जो अगदींच निर्धन असे त्याला तो माफ असे. पुढें पन्नासांवर राष्ट्रांनीं हें पारपत्र मानलें आणि सुमारें साडेचार लक्ष माणसांच्या हातीं तें पडलें. चित्रकार मार्क शगाल व कादंबरीकार व्लादिमीर नबोकोव्ह यांच्यासारखे लोक त्यांत होते. आणि ज्यांची नांवें कोठेंच नमूद नाहींत असे मजूर, टॅक्सीवाले व शिवणकाम करणाऱ्या स्त्रियाहि होत्या.

जगानें मिळून माणसाला दिलेला हा पहिलाच ओळखीचा कागद. या अर्थानें तें विश्वनागरिकत्वाचें पहिलें पारपत्र म्हणतां येईल. पण त्यांत एक मोठें उणें होतें. १९२२ च्या ठरावांतच असें स्पष्ट होतें कीं, ज्या देशानें हा दाखला दिला त्या देशांत परत येण्याचा हक्क धारकाला त्यामुळें मिळत नाहीं. त्यासाठीं वेगळी परवानगी हवी. हा कागद माणसाला जाऊं देत होता; परत येऊं देण्याचें वचन तो देत नव्हता. आणि ज्याला परत पाठवितां येणार नाहीं अशा पाहुण्याला दार उघडण्यास दुसरा देश कचरत असे. नबोकोव्ह यांनीं पुढें आपल्या आठवणींत या दाखल्याबरोबर सोसाव्या लागलेल्या खेट्यांविषयीं व मानहानीविषयीं कडवटपणें लिहिलें आहे. १९४५ मध्यें ते अमेरिकेचे नागरिक झाले, तेव्हां कोठें ती कटकट संपली.

या एका उणेपणांत नागरिकत्वाचें सारें मर्म दडलें आहे. ध्वज, गीत, मतदान या गोष्टी मोलाच्या खऱ्या. पण नागरिकत्वाचा तळ म्हणजे परत येण्याचा हक्क. दूर कोठें आजारी पडलेला, फसलेला, हरलेला माणूस ज्या दाराशीं येऊन 'उघडा' असें म्हणूं शकतो आणि आंतल्याला 'नाहीं' म्हणतां येत नाहीं, तो त्याचा देश. असें दार राष्ट्र देऊं शकतें. जग अजून देऊं शकलेलें नाहीं.

मग राष्ट्र हेंच सर्वस्व मानावें काय? नान्सेन यांच्याच चरित्रांतला पुढचा प्रसंग याचें उत्तर देतो. ३० जानेवारी १९२३ रोजीं लोझान येथें ग्रीस व तुर्कस्थान यांनीं लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. नान्सेन यांचा त्याला पाठिंबा होता. युद्धांत होरपळलेल्या लोकांना निदान कोठें तरी हक्काची भूमि मिळावी, हा त्यांचा हेतु. निवड धर्मावरून झाली. सुमारें बारा लक्ष ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसचे झाले; त्यांपैकीं बहुतेक करारापूर्वींच पळून आले होते. साडेतीन ते चार लक्ष मुसलमान तुर्कस्थानचे झाले. अनातोलियाच्या अंतर्भागांतील पुष्कळ ख्रिस्ती तुर्की भाषेखेरीज दुसरी भाषा जाणत नव्हते, आणि क्रीट बेटावरील मुसलमान ग्रीक बोलत. प्रत्येकाला राष्ट्र मिळालें. पण घर गेलें. आपल्या सरहद्दीच्या आंत एकाच रंगाची माणसें हवींत, असें राष्ट्राच्या मनानें घेतलें म्हणजे नागरिकत्व हें निवारा न राहतां चाळण होतें. हा करार झाला तेव्हां यशस्वी म्हणून गाजला. पुढच्या पिढ्यांनीं त्याकडे आदर्श म्हणून पाहावें कीं इशारा म्हणून, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

नान्सेन यांचा स्वतःचा तोलहि सर्वकाळ साधला असें नाहीं. १९२५ मध्यें नॉर्वेंत स्थापन झालेल्या एका राष्ट्रवादी, समाजवादविरोधी संघटनेला त्यांनीं आपलें नांव दिलें. त्याच वर्षीं ते आर्मेनियन निर्वासितांच्या पुनर्वसनाची योजना आंखण्यासाठीं सोव्हिएट आर्मेनियांत गेले, आणि तिच्यासाठीं पैसा मागत राष्ट्रसंघाच्या दारीं वर्षानुवर्षें उभे राहिले. पैसा मिळाला नाहीं. एकाच पुरुषाच्या अंगीं या दोन्ही निष्ठा कधीं एकमेकींना बळ देत, कधीं एकमेकींशीं भांडत.

त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नांवाच्या निर्वासित-कचेरीला १९३८ चें नोबेल शांतता-पारितोषिक मिळालें. पण काळ उलट फिरला होता. १९३३ च्या करारानें निर्वासिताला छळाच्या ठिकाणीं परत लोटूं नये असें तत्त्व मांडलें. त्यावर थोड्याच राष्ट्रांनीं सह्या केल्या. नोव्हेंबर १९४१ मध्यें नाझी सरकारनें देशाबाहेर असलेल्या यहुद्यांचें जर्मन नागरिकत्व एका हुकुमानें काढून घेतलें. नागरिकत्व काढून घेणें ही छळाची पहिली पायरी असते, हें तेव्हां उघड झालें. त्या काळीं स्वतः राष्ट्रहीन होऊन फिरलेल्या हॅना आरेंट या विदुषीनें पुढें दाखवून दिलें कीं, मानवाचे म्हणून जे हक्क आहेत, ते माणूस केवळ माणूस उरतो त्याच क्षणीं कोणी मानीत नाहीं.

या वावटळींतलीं कांहीं पानें उडत महाराष्ट्रांतहि आलीं. १९४० व १९४१ मध्यें रशियांत हद्दपार केलेले पोलंडचे लोक सुटका झाल्यावर इराणमार्गें बाहेर पडले, आणि त्यांच्यापैकीं सुमारें पांच हजार, बहुतेक स्त्रिया व मुलें, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणींत राहिले. तेथें त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें. जुलै १९४५ मध्यें लंडनमधील ज्या पोलिश सरकारचे ते नागरिक होते, त्या सरकारची मान्यता ब्रिटन व अमेरिकेनें काढून घेतली. पंचगंगेच्या परिसरांत बसलेल्या त्या आयांना आपलें सरकार कोणतें, हा प्रश्न पडला. १९४८ पर्यंत छावणी मोडली आणि ते निरनिराळ्या देशीं पांगले. त्याच जागीं फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं हिंदु कुटुंबें वसलीं. तें आजचें गांधीनगर. एकाच मैदानावर दोन निर्वासित समाज एकामागून एक राहिले. सिंधमधून आलेल्यांचें गांव गेलें होतें, घर गेलें होतें, पण त्यांना आपलें म्हणणारें राष्ट्र होतें. म्हणून त्यांनीं तेथें दुकानें मांडलीं व मुळें धरलीं. पहिल्यांना कोल्हापूरनें आसरा दिला, आणि तो मायेनें दिला; परंतु आसरा व नागरिकत्व यांतलें अंतर मायेनें भरून निघत नाहीं.

त्याच १९४८ सालीं एका तरुणानें उलट वाट धरली. गॅरी डेव्हिस हा अमेरिकेचा माजी वैमानिक. युद्धांत त्यानें जर्मन शहरांवर बाँब टाकले होते आणि स्वतःचा भाऊ गमावला होता. २५ मे रोजीं पॅरिसमध्यें त्यानें आपलें अमेरिकन नागरिकत्व सोडलें व स्वतःला जगाचा नागरिक म्हणून जाहीर केलें. नोव्हेंबरांत त्यानें पॅरिस येथें चाललेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभेंत मधेच उठून जागतिक शासनाची मागणी केली. आल्बेर काम्यू यांच्यासारखे लेखक त्याच्या पाठीशीं उभे राहिले. त्याच्या चळवळीनें पुढें 'जागतिक पारपत्रें' छापलीं. २०१३ मध्यें मरण येईपर्यंत तो सरहद्दींवर अडविला गेला, पुष्कळदां तुरुंगांतहि गेला. त्याचें धैर्य खरें होतें. पण नागरिकत्व सोडणें हें ज्याच्याजवळ तें असतें त्यालाच शक्य होतें. ज्यांच्याकडून तें हिसकावून घेतलें होतें, त्यांना विश्वनागरिक म्हणून घोषित होण्याची नव्हे, तर कोणत्या तरी एका देशाचें म्हणून नोंदलें जाण्याची आस होती.

१० डिसेंबर १९४८ रोजीं त्याच पॅरिसमध्यें मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमांत 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशा शब्दांऐवजीं 'सर्व मानव' असे शब्द यावे, यासाठीं भारताच्या हंसाबेन मेहता झगडल्या. जाहीरनाम्याचीं तेरावें, चौदावें व पंधरावें हीं तीन कलमें नान्सेन यांच्या अनुभवाचें जणूं सार आहेत. कोणताहि देश सोडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, परत येण्याचा हक्क मात्र स्वतःच्या देशापुरता. छळापासून आसरा मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण तो देणें कोणाहि राष्ट्राला बंधनकारक केलेलें नाहीं. आणि प्रत्येक माणसाला कोणत्या तरी राष्ट्राचें नागरिकत्व असलें पाहिजे. जगाच्या नांवानें केलेल्या या घोषणेनें राष्ट्र नाकारलें नाहीं. प्रत्येकाला राष्ट्र असावें हाच मानवाचा हक्क ठरविला. १९५१ च्या निर्वासित-करारानें नान्सेनच्या पारपत्रांतलें उणेंहि भरून काढलें: प्रवासपत्र देणाऱ्या राष्ट्रानें तें चालू असेपर्यंत धारकाला परत घेतलेंच पाहिजे. भारत त्या करारांत सामील झालेला नाहीं. परंतु १९५० मध्यें अंमलांत आलेल्या भारतीय संविधानानें 'नागरिक' व 'व्यक्ति' हे दोन शब्द जाणून निरनिराळे योजले आहेत. भाषणाचें व संचाराचें स्वातंत्र्य नागरिकाचें. पण कायद्यापुढें समानता व जीविताचें रक्षण हीं भूमीवर असलेल्या कोणत्याहि व्यक्तीचीं. घरच्याचे हक्क निराळे, पाहुण्याचे निराळे. पण पाहुणा माणूस आहे याचा विसर घरच्याला पडूं द्यावयाचा नाहीं.

राष्ट्रीय नागरिकत्व व विश्वनागरिकत्व यांचा मेळ याच रीतीनें बसतो. जगाला स्वतःचें असें दार नाहीं. जी आहेत तीं राष्ट्रांचीं दारें आहेत. राष्ट्राभिमान दार भक्कम करतो. जगाविषयींची आस्था त्या दाराला बिजागऱ्या बसविते. बिजागऱ्यांवांचून दार म्हणजे भिंत. आणि दारावांचून बिजागऱ्या कोणाच्याच उपयोगाच्या नाहींत.

१३ मे १९३० रोजीं नान्सेन आपल्या घरीं वारले. नॉर्वेनें त्यांची अंत्ययात्रा १७ मे रोजीं काढली. तो त्या देशाचा राष्ट्रीय दिन, १८१४ च्या राज्यघटनेच्या स्मृतीचा. नॉर्वेंत त्या दिवशीं लोक ध्वज घेऊन रस्त्यांत येतात. त्या वर्षीं आपल्या देशाचा एक पुत्र म्हणून लोकांनीं त्यांना निरोप दिला. आणि त्याच वेळीं कोणत्याहि राष्ट्रीय दिनाला ज्यांचें म्हणून स्थान नव्हतें असे हजारों स्त्रीपुरुष, परक्या शहरांतल्या भाड्याच्या खोल्यांतून, त्यांच्या मुद्रेचें तिकीट लावलेला एक कागद जपून ठेवीत होते.